राखणीची मजुरी

गोंडपिपरीत मी लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देते. एकदा जंगलाकडच्या एका गावातून बायकांच्या बचत गटाचं बोलावणं आलं. त्या पळसाच्या पानांच्या पत्रावळी करायच्या, यंत्रावर दाबून. विक्री चांगली होती, पण हाती काही उरत नव्हतं. भाव कसा लावायचा, ते मी शिकवावं असं त्यांचं म्हणणं.

समाजमंदिराच्या फळ्यावर मी खर्च लिहायला घेतला. वीज, यंत्राचा घसारा, चंद्रपूरपर्यंतचं गाडीभाडं. 'पानं' या शब्दापुढं शून्य लिहिलं.

"शून्य काऊन लिहिलं जी?" मागून एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं.

"पानं जंगलातली. फुकटच ना?"

"झाडाले पैसे नाई द्या लागत. पन तोडाले तिघी जातेत अन् पाहाले एक जाते."

"काय पाहायला?"

"वाघ."

मला पटलं, पण नीट कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यासोबत गेले. तिघी वाकून पानं तोडत होत्या. ती म्हातारी त्यांच्याकडं पाठ करून काठी धरून उभी राहिली. दोन तास तिनं एका पानाला हात लावला नाही, की ती बसली नाही. मध्येच तिनं तळहात वर केला. तिघी जागच्या जागी थांबल्या, मीही थांबले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं हात खाली केला.

"काय होतं बाई?"

"दूर माकडं बोलून राह्यले होते, वाघ दिसला का बोलतेत ते. आता चूप झाले. गेला तो."

अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे खर्च मांडत होते, आणि नुसतं उभं राहणं हे एवढं मोठं काम असतं हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

परतल्यावर फळ्यावर तोडणाऱ्यांची आणि तिचीही मजुरी धरली. एका पत्रावळीमागं चाळीस पैसे वाढले. पत्रावळी घेणारा चंद्रपूरचा व्यापारी आला, भाव ऐकून हसला. "पानं तोडाले पहारेकरी कशाले पाहिजे?"

"तुमचा मानूस पाठवा तोडाले," म्हातारी म्हणाली. "एकटाच पाठवा."

तो माल न घेताच गेला. आठवड्यानं त्याचा फोन आला, निम्मा माल नव्या भावानं घेतो म्हणून. उरलेला बायकांनी आसपासच्या गावांत लग्नघरी विकला. त्या हंगामात पहिल्यांदा सगळ्यांची मजुरी निघून वर शिल्लक राहिली.

मार्चअखेर मी हिशेब लिहीत होते, तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"हे सरकार मानते का वो, माहं उभं राहनं?"

"मानतं. धंद्यासाठी दिलेली मजुरी आहे, वहीत तुमची सही आहे. कर काढताना ती उत्पन्नातून वजा होते."

तिनं वही ओढून घेतली आणि आपल्या वाकड्यातिकड्या सह्यांवरून एकेक करत बोट फिरवलं.