पोटखराब्यातले तीन कुणगे

रावजी बोटीवरून कायमचा घरी आला तो नोव्हेंबरच्या अखेरीस, भात झोडून कणगीत भरून झाल्यावर. एकतीस वर्षे तो मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये ऑइलर होता. त्यांपैकी गावी किती दिवस काढले, हे त्याच्या खलाशी-पुस्तकातल्या शिक्क्यांवरून मोजता येते. बेरीज चार वर्षांच्या थोडी खालीच राहते. सुट्टी मिळे ती बहुधा शिमग्याला नाहीतर मे महिन्यात, म्हणजे शेत कापून जमिनीला भेगा पडल्यावर. हिरव्या भातात उभा असलेला रावजी वाडीत कुणालाच आठवत नाही, आणि खुद्द रावजीलाही आठवत नाही.

पूर्णगडच्या खाडीपासून दोनेक मैल वर, डोंगराच्या उतारावर त्यांचे घर. शेत घराच्या खाली, पायऱ्यांसारखे उतरत गेलेले. प्रत्येक पायरी म्हणजे मातीच्या मेरेने बांधलेला एक कुणगा. ते सारे त्याच्या बायकोने, तुळसाने सांभाळले. नांगरायला वाडीतल्या शिवाची बैलजोडी येई आणि बाकीचे सगळे तुळसा करी. पण त्या दिवाळीत शिवा पडवीत येऊन बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "काकी, पुढल्या साली जोत नाय मिळायचा. बैल दिले."

"दोन्ही?"

"एकटा ठेवून काय करू? त्याच्याशी गप्पा मारू?"

हे घरी आल्यावर कळले तेव्हा रावजी, खरे सांगायचे तर, मनातून खूश झाला. यंत्र हा त्याचा विषय होता. आल्यापासून तो पाहत होता, पाखाडी चढताना तुळसा दर चौथ्या पायरीला थांबे आणि खाडीकडे पाहण्याचे निमित्त करी. खाडी तिने चाळीस वर्षे पाहिलेली होती. रावजीने ठरवले की बसायची सीट असलेला छोटा ट्रॅक्टर घ्यायचा. तुळसाचे पाय यापुढे चिखलात जाता कामा नयेत. इतकी वर्षे तिच्यासाठी जे करता आले नव्हते, ते सारे त्याने त्या एका सीटवर बसवून टाकले होते.

तो कामाला लागला तो इंजिनरूमच्या शिस्तीने. तलाठ्याकडून सातबारा काढला, भूमी अभिलेखातून फाळणी नकाशा आणला, पन्नास फुटी टेप घेतली. प्रत्येक कुणग्याची लांबी-रुंदी, प्रत्येक दगडी गडग्यातली वाट, वळायला लागणारी जागा, सगळे इंचात वहीत उतरले. टेपचे दुसरे टोक तुळसा धरी. आठवा कुणगा मोजून झाल्यावर ती टोक घेऊन बांबूच्या बेटाकडे, उताराला लागली.

"खाली कुठे जातेस? खाली सगळा पोटखराबा आहे," रावजी नकाशावर बोट ठेवून म्हणाला. पोटखराबा म्हणजे सरकारी कागदावर लागवडीला निकामी ठरलेली जमीन.

तुळसाने टोक सोडून दिले. टेप खर्रकन आत गेली.

"काय झाला गो?"

"काय नाय. चाय टाकते."

जानेवारीत दोघे सकाळच्या एसटीने रत्नागिरीला गेली. दुकानात अक्षया नावाची मुलगी होती, कृषी पदविका घेतलेली, बोलायला चटपटीत. तिने आधी लाल रंगाचा मिनी ट्रॅक्टर दाखवला, मग मागून चालत चालवायचा पॉवर टिलर, आणि शेवटी कोपऱ्यात ठेवलेले त्याहून हलके एक यंत्र. रावजीने बोनेट उघडायला लावले, तेलाची पट्टी काढून पाहिली, इंजिन सुरू करून कान लावला.

"काका, तुम्ही मेकॅनिक काय?"

"मी ज्या इंजिनला तेल घालायचो, त्याच्यात तुमचा हा सगळा शोरूम मावला असता," रावजी म्हणाला. मग तुळसाकडे वळला. "बस, बसून बघ."

"लोक बघतायत."

"बघू देत."

तुळसा पदर खोचून चढली. सीटवर नीट बसली, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि रस्त्याकडे पाहून हसली. ते हसू रावजीने एकदा पाहिले, मग परत पाहायचे म्हणून समोर जाऊन उभा राहिला.

अक्षयाने फॉर्म पुढे ओढला. "भाताची लावणी किती कुणग्यांत होते?"

"आठ," रावजी म्हणाला.

"अकरा," तुळसा म्हणाली.

दोन्ही उत्तरे एकाच वेळी आली. रावजीने वही उघडली. "आठ. मी स्वतः मोजलेत." तुळसा सीटवरून उतरली आणि म्हणाली, "हे सांगतील ते लिव्हा."

अक्षयाने काहीच लिहिले नाही. पेनचे टोपण लावून ती म्हणाली, "काका, ट्रॅक्टर कुठे पळत नाही. आज बुकिंग नको. काकूंसोबत एकदा शेवटपर्यंत फिरून या. याचं वजन सातशे किलोच्या वर आहे, हे लक्षात ठेवून फिरा."

परतीच्या गाडीत रावजीने दोनदा विचारले आणि तुळसाने दोन्हीदा "घरी चला" एवढेच म्हटले. घरी पोचल्यावर चपलाही न काढता ती खाली निघाली. आठव्या कुणग्याची मेर ओलांडली, बांबूच्या बेटाला वळसा घातला, आणि चार फुटांच्या दगडी बांधावरून पाय सोडून उतरली. खाली, पऱ्ह्याच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला, तीन कुणगे होते. कापलेल्या भाताची खुंटे अजून ओळीत उभी होती.

"ही गोदूबाईची ना?" रावजीने विचारले. गोदूबाई म्हणजे शेजारीण. सुट्टीत आला की तो हे तुकडे वरून पाही, आणि तिचेच समजे.

"गोदूबायची पल्याडची. ही आपली."

"पण नकाशात—"

"नकाशा कधीचा?"

रावजीने नकाशा पाहिलेला होता. त्यावरचे साल त्याच्या जन्माच्याही आधीचे होते.

ती जमीन दोघींनी मिळून केली होती. चार उन्हाळे तुळसा आणि गोदूबाई आळीपाळीने एकमेकींच्या जागेत राबल्या. एक दिवस हिच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. कातळ फोडून दगडांचा बांध रचला, पऱ्ह्यातला गाळ टोपल्यांनी वर आणला. नेमके कोणते साल, यावर एकमत नाही. गोदूबाई म्हणते, तिची मृणाली पोटात होती तेव्हा सुरुवात झाली. तुळसाच्या मते मृणाली तेव्हा मेरेवर गोधडीत झोपलेली असे. लेखी पुरावा कसलाच नाही. घराला वर्षभर पुरणाऱ्या भातातले तिसऱ्या हिश्शाहून जास्त भात या तीन कुणग्यांत होते, हे मात्र कणगीत पाहता येते.

"मला कधी सांगितलं नाहीस," रावजी म्हणाला.

तुळसा बांधावर बसली. "तुमी पत्रात विचारायचात, भात किती झाला. किती ता मी लिवायची. खयच्या कुणग्यात झाला ता तुमी कधी विचारलात नाय." बोलण्यात तक्रार नव्हती, विचारले त्याचे उत्तर होते. मग ती म्हणाली, "आता हे तीन ऱ्हाऊ देत पडीक. तुमचा ट्रॅक्टर येवदे. तुमी किती हौशीन मोजलात. आणि मलाय आता वाकवत नाय."

रावजीने खाली वाकून माती उचलली. काळी, चिकट, वरच्या तांबड्या मातीहून वेगळी. बोटांत चुरली तरी चुरत नव्हती.

"आषाढात इथे पाय किती जातो?"

तुळसाने पोटरीच्या वर, गुडघ्याला टेकेल असा हात लावून दाखवला.

त्याने बांधाच्या उंचीकडे पाहिले. सातशे किलोचे यंत्र इथे उतरणार नव्हते. उतरवलेच तर पुढच्या मे महिन्यापर्यंत बाहेर येणार नव्हते. भर उन्हाळ्यासारखी कोरडी जमीन टेपने मोजून त्याने ट्रॅक्टर निवडला होता. चिखल किती खोल, हे त्याच्या वहीत कुठेच नव्हते.

"ते कोपऱ्यातलं हलकं यंत्र घेऊ," तो म्हणाला. "दोघांनी उचललं की बांधावरून खाली येईल."

"त्याला सीट नाय."

"नाही."

"मंग त्याच्या मागना चालणार कोण? मी?"

"मी चालेन."

तुळसाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "तुमी? तुमाला चिखलात चालूक येता?"

"नाही येत," रावजी म्हणाला. "शिकव."

यंत्र एप्रिलमध्ये आले. वाडीची रीत अशी की सगळ्यांत आतला कुणगा आधी करायचा. बाहेरच्यात एकदा लावणी झाली की आत जायला वाट राहत नाही. त्यामुळे आषाढात चिखलणीचा आरंभ तळातल्या, पऱ्ह्याकाठच्या कुणग्यापासूनच झाला. शिवाने आणि रावजीने यंत्र बांधावरून उतरवले. रावजी दहा पावले नीट गेला, अकराव्याला आडवा झाला.

"भावजी," पलीकडच्या मेरेवरून गोदूबाई ओरडली, "बोट लागली काय हो तुमाला?"

"गोदूबाय, तू गप ऱ्हव," तुळसा म्हणाली. पण हसू तिलाही आवरत नव्हते. ती त्याच्या शेजारून चालू लागली. "पाय वर काढू नका. पुढे सरकवा. टाच आधी नको. आणि यंत्राकडे काय बघताय? त्या मेरेकडे बघा, यंत्र येता मागना."

"यंत्र पुढे आहे गो."

"मंग तुमी जावा त्याच्या मागना. पण बघा मेरेकडे."

दुपारपर्यंत दोन कुणगे झाले. रेघा वाकड्या पडल्या होत्या. शिवाने एकदा त्यांकडे पाहिले आणि टोपी डोळ्यांवर ओढली. तिसऱ्या कुणग्यात, बांध आणि बेट जिथे मिळतात तिथे, एक त्रिकोणी तुकडा राहिला. रावजीने यंत्र तीनदा वळवून पाहिले. ते तिथे जाईना.

"ता ऱ्हवदे," तुळसा म्हणाली. "ता नांगराच्यानय होत नव्हता. ता कुदळीन करायचा."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

रावजीने इंजिन बंद केले. तुळसा मेरेवर ठेवलेली कुदळ घेऊन कोपऱ्यात शिरली होती. त्याने शिवाला हाक मारून वरून दुसरी कुदळ आणायला सांगितली, आणि ती येईपर्यंत तिने फोडलेली ढेकळे तो हातांनी पाण्यात कालवत राहिला.