केंद्र हलवायचं नाही!

शाळेत चपराशी म्हणून जन्म काढला की किस्से आपोआप साचतात. वर्ग झाडला की कचरा टोपलीत जातो, टोपली उकिरड्यावर जाते. किस्से मात्र बेंचाखालीच राहतात. त्यातही गणिताच्या तासाचे जास्त. मराठीच्या तासाला पोरं झोपायची, अन् झोपेत कसला किस्सा होते!

माझं शिक्षण चौथी. पाचवीत गेलो नाही याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण पाचवीच्या पुढं गेलेले लोक मी रोज पाहत होतो.

आमचं गाव भंडाऱ्याकडच्या मोहाडीपासून थोडं आत. दहा अधिक दोनचा नवा पॅटर्न आला तेव्हा गावच्या शाळेला अकरावी-बारावी जोडली, अन् तीही सायन्स! गणिताला लांजेवार सर आले. साकोलीकडचा माणूस, हडकुळा, अन् शर्टाच्या बाहीला सदा खडू. वर्तुळाचं समीकरण शिकवायचं म्हटलं की यांच्या अंगात यायचं. मला विचाराल तर गोल तो गोल. बैलगाडीचं चाक गोल असते, बैलानं कधी समीकरण मागितलं?

*

सर नवीन असतानाची गोष्ट. एक मास्तर रजेवर होते. हेडमास्तर मला म्हणाले, "महादेव, लांजेवार सर सांगतील तसे आठवीचे वर्ग एकत्र बसव."

मी सरांना विचारायला गेलो. सर अकरावीला शिकवत होते. दारातच ऐकू आलं, "अ वर्ग अधिक ब वर्ग बरोबर क वर्ग! एवढं डोक्यात बसलं की वर्तुळ आलंच समजा!"

आणखी काय विचारायचं? आठवी अ उठवली, आठवी ब उठवली अन् दोन्ही नेऊन क वर्गात कोंबल्या. पोरं एकमेकांच्या मांडीवर, दोन खिडकीत. गोंधळ ऐकून हेडमास्तर धावत आले.

"महादेव, हे काय?"

"सरांनीच सांगितलं जी. अ वर्ग अधिक ब वर्ग बरोबर क वर्ग."

तेवढ्यात लांजेवार सर आले. दारात उभे राहून त्यांनी आत पाहिलं अन् म्हणाले, "बरोबर नाही झालं, महादेवराव. क वर्ग लहान पडला!"

सारी स्टाफरूम महिनाभर हसत होती. माझी चूक काय? एका शब्दाचे दोन अर्थ मी केले होते का?

*

शाळेतला लाकडी कंपास मोडला. नवा मागवला तो आलाच नाही. मग सरांनी युक्ती काढली. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

"फळ्याच्या मधोमध अंगठ्यानं दाबून धरा, महादेवराव. अजिबात हलायचं नाही. आता तुम्ही केंद्र आहात."

झालं! फळ्याला पाठ लावून, डोक्यावर अंगठा करून मी उभा, अन् सर माझ्याभोवती वर्तुळ काढून राहिले. वरून खाली आले तेव्हा माझ्या पायाशी वाकले. पोरांनी मान वळवून हसणं दाबलं. खडूची भुकटी माझ्या नाकात गेली अन् मी असा शिंकलो की वर्तुळाचा फणस झाला.

मागच्या बेंचावरचा दिनेश ओरडला, "सर, केंद्राले सर्दी झाली!"

त्या दिवसापासून मी महादेव राहिलो नाही. पोरं रस्त्यानं जाताना हाका मारायची, "काय केंद्रभाऊ, जेवण झालं का जी?" आता त्यातली काही पोरं पेन्शन घेतात. अजून केंद्रभाऊच म्हणतात, लाज नाही!

*

शाळेसमोर कवडू शिंप्याचं दुकान. त्याची बकरी आमच्या ग्राउंडवर खुंटीला बांधलेली असायची. आमचं ग्राउंड म्हणजे त्याचं गोठाणच! एक दिवस बकरीनं दोर पुरला तिथपर्यंतचं गवत साफ केलं. मधे उघडी जमीन, भोवती हिरवं. सरांनी ते खिडकीतून पाहिलं अन् सारा वर्ग उन्हात काढला.

"पाहा! खुंटी म्हणजे केंद्र. दोर म्हणजे त्रिज्या. अन् बकरी हा बिंदू! बिंदू कुठंही जावो, केंद्रापासूनचं अंतर तेवढंच!"

दिनेशनं हात वर केला. "सर, बकरीची मान त्रिज्येत धरायची का बाहेर?"

सरांनी बकरीकडं पाहिलं. बकरीनं मान लांब करून आणखी थोडं गवत ओढलं. सर खडूनं कान खाजवत म्हणाले, "मान... मान त्रिज्येत धरा."

एवढ्यात कवडू गळ्यात टेप घेऊन धावत आला. "गुरुजी, माह्या बकरीले बिंदू कायले म्हणता जी? तिचं नाव चंपी हाये!"

*

हीच चंपी पुढं महागात पडली.

आमच्या शाळेला बारावीचं परीक्षा केंद्र मिळालं होतं. गावाला केवढा मान! नाही तर पोरांना परीक्षेसाठी भंडाऱ्याला जाऊन राहावं लागायचं. पहिल्याच वर्षी, ऐन पेपरात, चंपी दोर तोडून हॉलमध्ये शिरली अन् टेबलावरच्या कोऱ्या पुरवण्या खायला लागली.

बाहेरगावचे सुपरवायझर ओरडले, "कोण आहे हे?"

दिनेश मान वर न करता म्हणाला, "चल बिंदू हाये, सर!"

सुपरवायझर काही हसले नाहीत. त्यांनी वर रिपोर्ट धाडला. शाळेला कंपाउंड नाही, जनावरं आत येतात, केंद्र भंडाऱ्याला हलवा.

अन् पुढच्याच वर्षी बारावीला कोण? कवडूचीच पोरगी, निर्मला! गावातून सायन्सला गेलेली पहिली मुलगी. वर्तुळ तर असं सोडवायची की सर तिच्या वहीवर टिक करताना खुशीनं पाय हलवायचे.

कवडूनं साफ सांगितलं, "भंडाऱ्यात आपलं ओळखीचं कोणी नाही. पोरीले तिथं कोणाच्या घरी ठेवू? केंद्र गावात राह्यलं तं परीक्षा. गेलं तं शिलाई मशीन."

सर चिडले. "कवडूभाऊ, बकरी तुमची. केंद्र चाललं ते तुमच्याचमुळं!"

"तं मंग चंपीले पाठवा न भंडाऱ्याले! पोरीले काहून पाठवता?"

*

मधल्या काळात आमच्या घरी वेगळंच झालं. चावडीवर, पानठेल्यावर, जिथं तिथं एकच बोलणं. "केंद्र भंडाऱ्याले चाललं म्हणते." "केंद्राची तिथं सोय बरी हाये म्हणते."

मी संध्याकाळी घरी आलो तं बायको ट्रंक भरून बसलेली! माझे दोन सदरे, धोतर, लोटा, वर लोणच्याची बरणी.

"कुठं चालली?" मी विचारलं.

"मी कुठंच चालली नाही. तुमची बदली झाली न भंडाऱ्याले? गावभर झालं, मलेच सांगत नाही तुम्ही!"

"अवो, ते केंद्र वेगळं!"

"वेगळं कोणतं? पोट्टे तुमालेच तं केंद्र म्हणतेत!"

समजावता समजावता माझा घसा बसला. समजल्यावर तिनं ट्रंक रिकामी केली. जरा नाराजीनंच केली, असं मला वाटलं.

*

शेवटी केंद्र ठेवायचं का हलवायचं ते पाहायला बोर्डाचे एक साहेब जीपनं आले. गावकऱ्यांनी शाळेभोवती काट्याचं कुंपण केलं होतं. चंपीला कवडूनं घरात, पलंगाच्या पायाला बांधलं होतं. निर्मलानं दोन वेण्या घट्ट घातल्या होत्या अन् सकाळपासून ती वही पुन्हा पुन्हा चाळत होती.

साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. बेंच हलवून पाहिले. कुंपणाला छत्रीनं टोचून पाहिलं. मग म्हणाले, "चला, एखादा तास पाहू," अन् बारावीत मागच्या बेंचावर जाऊन बसले.

नवा कंपास अजून आलेला नव्हताच. मी सुतळी घेऊन फळ्याशी उभा. सरांचं लक्ष सारखं साहेबांकडं जात होतं, पण बोलायला लागले की माणूस सगळं विसरायचा.

"आतापर्यंत आपण केंद्र आरंभबिंदूवर ठेवलं. क्ष वर्ग अधिक य वर्ग बरोबर त्रिज्या वर्ग. बरोबर? आता हे केंद्र इथून उचलू अन् तिकडं नेऊ! महादेवराव, सरका."

मी सरकलो. सरांनी नवं वर्तुळ काढलं.

"काय बदललं? वर्तुळ तेवढंच आहे! केंद्र हलवलं, काही बिघडलं का?"

"बिघडलं काहून नाही जी!"

खिडकीत कवडू! गळ्यात टेप, कॉलरला सुई खोचलेली. केव्हापासून कान लावून उभा होता कोण जाणे.

"साहेबासमोर केंद्र तिकडं नेऊन राह्यले, आन बिघडलं नाही म्हणता? माह्या पोरीच्या बारावीचं काय? आन महादेव, तू बी सरकला? लाज नाही वाटली बे तुले?"

निर्मला उभी राहिली. कान लाल. "बाबा, हे ते केंद्र नोहे!"

"तू चूप राय! केंद्र मले समजते. भंडारा किती दूर हाये तेच याह्यले समजत नाही!"

नापास होऊन परत बारावीत बसलेला दिनेशसुद्धा हसला नाही. सर पांढरे पडले. हेडमास्तर दारात होते, ते तिथूनच मागं फिरले.

साहेबांनी विचारलं, "ही यांची मुलगी?"

"हो सर," लांजेवार सर म्हणाले. "वर्गात पहिली असते."

"इकडं ये, बाळ. केंद्र हलवल्यावरचं समीकरण फळ्यावर लिही. कंस सोडवून."

निर्मलानं माझ्या बाजूला येऊन खडू घेतला. लिहीत सुटली. वर्ग काय, वजा काय, कंस काय! त्यातला कंस तेवढा मला ओळखीचा, तो कृष्णाचा मामा. ओळ फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, तिथून खाली आली, अन् तिनं बरोबर शून्य लिहून खडू ठेवला. कुठं खोडलं नाही, कुठं अडली नाही.

खिडकीतून कवडू हळूच म्हणाला, "बाप्पा! केंद्र हलवलं तं एवढं लांबते?"

साहेबांनी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकदा खिडकीकडं पाहिलं. छत्री घेतली, उठले अन् दाराशी जाऊन सरांना म्हणाले,

"केंद्र जिथलं तिथंच ठेवा, सर. समीकरण सोपं राहतं."

मी सुतळी घेतली अन् अंगठा परत मधोमध नेऊन दाबला.