न दुखणारा चेहरा

गोंदियाजवळच्या आमच्या गोरेगावच्या दवाखान्यातला कंपाउंडर सुई दुसऱ्याला टोचायचा आणि कळ स्वतःच्या तोंडावर आणायचा. दात विचकून, डोळे मिटून तोंड असं वाकडं करायचा की बाजारातली बकरी दावं तोडून पळावी. पोरं रडायचं विसरून त्याच्याकडे बघत राहायची.

"तुले दुखते का मले, बाबू?" एखादी म्हातारी विचारायची.

"दोघायलेही, आजी."

त्या दुपारी पोटातल्या कळेनं माझ्या बायकोला उभं राहवेना. तिचा चेहरा पाहून मी तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेरगावी गेलेले. कंपाउंडरनं तिचं पोट हलकेच दाबलं. ती किंचाळली, पण त्याच्या तोंडावरची रेघ हलली नाही. उलट तो हसला.

"काही नाही वहिनी, गॅस होय."

मग मला दारापाशी नेऊन, ती बघत होती म्हणून तसाच हसत, हळूच म्हणाला, "गोंदियाले न्या. आत्ताच. थांबू नका भाऊ."

मोटारसायकलवर मागं बसून ती म्हणाली, "तो हसून राहिला होता. म्हनजे काही नाही मले."

"हो," मी म्हटलं, आणि माझं तोंड तिला दिसू नये म्हणून आरसा बाहेर वळवला.