माळवदावरची ग्रीक देवी

लेकरांनो, गेल्या रविवारी धाकटी फोनवर रडवेली झाली होती. निबंधात तिने माळवदावरचं वाळवण राखणारी ग्रीक देवी लिहिली आणि तिच्या बाईंनी ‘अशी देवी नाही’ म्हणून लाल रेघ मारली. रेघ बरोबर आहे. ती देवी मी केलेली, आणि गोष्टींत तुम्हाला सांगितलेली. आता कबूल करते, नाहीतर ती तुमच्या लेकरांच्याही निबंधात जाईल.

सत्तरच्या दशकात मी हिंगोलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. नोकरी तात्पुरती होती. कायम करायचं की नाही, ते हेडमास्तरांच्या शब्दावर होतं. शाळेत ज्ञानकोश नव्हता, म्हणून मी युरोपवर चार-चार ओळींच्या नोंदी लिहिल्या. डॅन्यूब नदी, आल्प्स, फ्रेंच राज्यक्रांती, ग्रीकांचा समुद्रदेव. माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका मधोमध कापून त्यांच्या कोऱ्या बाजूला लिहायचे, आणि शिक्षकांच्या खोलीत ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यात अक्षरवार उभ्या लावायचे.

इतिहासाचे सर रोज सकाळी डब्यातलं एक कार्ड वाचून पाठ करायचे, परत ठेवायचे आणि प्रार्थनेनंतर पोरांना म्हणून दाखवायचे. वर सांगायचे, “काल वाचता वाचता सापडलं.” डबा त्यांचाच, असं साऱ्या शाळेला वाटू लागलं. एकदा हेडमास्तर मला म्हणाले, “बाई, तुमचं वाचन कमी पडून राहिलं. सरांकडून घ्या काही.”

त्याच दुपारी मी देवी लिहिली. माळवदावर सुकणारे अंजीर ती राखते. बायका तिच्या नावाने पळी पालथी ठेवतात, मग कावळा फिरकत नाही. कार्ड डब्यात सगळ्यांत पुढे लावलं. सर ते म्हणतील, मी सगळ्यांसमोर विचारीन, “कुठं वाचलंत?”

सरांनी ती म्हटली नेमकी तपासणीच्या दिवशी. मी तोंड उघडणार, तोच तपासणीला आलेले साहेब मान डोलावत म्हणाले, “बराबर! आम्हाला कॉलेजला होती ही.”

झालं. आता सर विद्वान, साहेब साक्षीदार. हेडमास्तर सरांकडे कौतुकाने बघत होते, आणि माझ्याबद्दल साहेबांना सांगायचं होतं संध्याकाळी.

मधल्या सुट्टीत मी डबा उचलून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला.

“ह्या नोंदी माझ्या आहेत. देवी तर सबंध माझी.”

“पुरावा?”

“कार्ड उलटा.”

त्यांनी डॅन्यूब उलटली. मागे माझं नाव, ‘चि. सौ. कां.’सकट. आल्प्सच्या मागे तुमच्या आजोबांचं. राज्यक्रांतीच्या मागे ‘लहान मुलांसह अगत्य यावे’. सरांनी इतक्या दिवसांत एकही कार्ड उलटून पाहिलं नव्हतं. हेडमास्तर हसता हसता चष्मा पुसू लागले.

“साहेबांना खरं सांगू का?” मी विचारलं.

“नको बाई. कॉलेजला शिकलेली देवी त्यांच्याकडून काहून काढून घेता?”

संध्याकाळी त्यांनी साहेबांपुढे माझं नाव घेतलं. मी कायम झाले.

दोन दिवसांनी सर हळूच जवळ आले. “बाई, ती देवी खरंच न्हाई?”

“न्हाई.”

“आमच्या घरच्यांनी काल कुरड्यांपाशी पळी पालथी ठेवली. एक कावळा आला न्हाई.”

डॅन्यूबचं कार्ड कसरीने खाल्लं, आल्प्स कुणीतरी नेला. डबा आणि देवीचं कार्ड माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला आमच्या लग्नाचा अर्धा मुहूर्त आहे.