मास्तरीणबाईंचं पहिलं गिऱ्हाईक

आमची मास्तरीण माणसाचं तोंड आधी बघत नसे, पाय बघत असे. मी इंग्लंडात ब्रिस्टलला मुलाकडं राहायचो तेव्हा घरी पाहुणे आले की ही सोळा वर्षांची पोर दारातच ओळखायची, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचा खांदा उतरलाय. पाहुणे बहुतेक डॉक्टरलोक. ते हसायचे. मी हसत नसे, कारण तिचं सहसा बरोबर निघायचं.

मास्तरीण म्हणजे माझी नात. मलाही शिकवायला बघायची म्हणून हे नाव. आता मला काय शिकवणार? तिसरीतून शाळा सुटली तेव्हापासून मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहिली आणि पोराला डॉक्टर केलं. तरी मी बासमतीची दहा किलोची पिशवी उचलली की ही म्हणायची, "आजोबा, तुमचा पाठ वाकडा होतो. गुडघे वाकवा." तिचं मराठी असंच, पाठीचा पुरुष करणारं. मी म्हणायचो, याच पाठीवर तुझा बाप शिकला. तर म्हणायची, "म्हणून आता तो दुखतो." बाप नव्हे, पाठ.

तिला पर्सनल ट्रेनर व्हायचं होतं. मुलाच्या मनात तिनं सायन्स घेऊन डॉक्टर व्हावं. घरात दोन महिने धुसफूस चालली. शेवटी त्यानं अट घातली. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, व्यायामशाळेत जिम ट्रेनरचा पहिला कोर्स असतो, तो एका दमात पास झालीस तर तुझं खरं. नाहीतर सप्टेंबरात कॉलेजला सायन्स आणि हा विषय बंद. तिनं बापाशी गोऱ्या साहेबासारखा हात मिळवला.

मग तिनं जिन्याच्या प्रत्येक पायरीवर स्नायूंच्या नावांचे कागद चिकटवले. मी चहा पीत बसलो की माझा दंड धरून नावं घोकायची. चहा सांडला तरी सोडायची नाही.

परीक्षेला एक जिवंत गिऱ्हाईक लागे. बाकीची पोरं आपापले दोस्त आणणार होती. हिनं मला निवडलं. म्हातारा माणूस नीट सांभाळून दाखवला तर परीक्षकबाई खूश होतील, असा तिचा हिशोब. त्याआधी गिऱ्हाइकाच्या तब्येतीचा एक फॉर्म भरायचा होता. तो तिनं रात्री जेवणाच्या टेबलावरच काढला. समोर मुलगा, शेजारी सूनबाई वाढतेय, आणि ही विचारते, "आजोबा, छातीत दुखतो का?"

सूनबाईची पळी थांबली.

दोन महिन्यांपासून चढावर चाललो की छातीवर कुणीतरी पोतं टाकल्यासारखं व्हायचं. उभा राहिलो की जायचं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. जो ऐंशी-नव्वद किलोचं पोतं घेऊन ट्रकची फळी चढला, त्यानं सुनेसमोर छाती दुखते म्हणायचं? मी म्हणालो, "मला काय धाड भरलीय?" तिनं 'नाही'वर खूण केली. मी खाली मराठीत सही ठोकली.

परीक्षेच्या दिवशी मास्तरणीनं मला चालायच्या मशीनवर उभं केलं आणि सांगितलं, चालता चालता यार्डातल्या गोष्टी सांगत राहा, बोलणं तुटलं की मी मशीन थांबवणार. परीक्षकबाई पाटीवर कागद लावून उभी. तिला मराठी कळत नव्हतं, पण कान माझ्याकडेच होते.

मी आमच्या मुकादमाची गोष्ट लावली. मास्तरणीनं मशीनचा चढ वाढवला आणि छातीवर पोतं आलं. गोष्टीला दम पुरेना. घड्याळात चार मिनिटं उरली होती. चार मिनिटं काय, रेटून नेऊ, म्हणून मी गोष्ट सोडून आकडे म्हणायला लागलो. एक, दोन, तीन. आकड्याला दम कमी लागतो.

"आजोबा, आकडे नको. गोष्ट सांगा."

"चालू दे," मी म्हणालो.

तिनं घड्याळाकडं बघितलं, मग बाईकडं. तिनं हात लाल बटणावर ठेवला. मी दबक्या आवाजात म्हणालो, "दाबलंस तर सप्टेंबरात सायन्स. चालू दे म्हणतो ना."

तिनं बटण दाबलं.

मला भिंतीला टेकवून बसवलं आणि अँब्युलन्स येईस्तोवर माझं मनगट सोडलं नाही. बाईनं नंतर सांगितलं की थांबवलंस ते योग्य केलंस, पण फॉर्म खोटा, म्हणून आजची परीक्षा धरता येणार नाही.

हॉस्पिटलात माझ्या हृदयाच्या नसेत दोन स्टेंट बसले. मुलगा दुसऱ्या हॉस्पिटलातली ड्यूटी सोडून आला आणि माझ्या पलंगाशीच पोरीला इंग्रजीत झापायला लागला. 'आजोबाच नाही म्हणाले' एवढं म्हटलं असतं तर ती सुटली असती. ती म्हणाली, "मी सगळ्यांसमोर विचारलं. एकटं विचारायला पाहिजे होतं."

मी जन्मात मुलापुढं चुकलो म्हटलेलं नाही. त्या दिवशी म्हणालो, "तिला बोलू नकोस. दोन महिने दुखत होतं. मीच खोटं बोललो. लाज वाटली."

"माझ्यापुढं लाज?"

"तुझ्याचपुढं."

तो खुर्चीवर बसला आणि चष्मा पुसला. मग पोरीला विचारलं, पुढची परीक्षा कधी? ती म्हणाली, सहा आठवड्यांनी. "मग गिऱ्हाईक दुसरं बघ," तो म्हणाला. पुढं म्हणाला, "मी चालेन?"

मी घरी आल्यावर तिनं नवा फॉर्म घेऊन बापाला वरच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासानं तो खाली आला. सूनबाईनं विचारलं, एवढं काय सांगत होतास? तो म्हणाला, ते तिला विचार. मास्तरणीनं कुणालाच सांगितलं नाही, मलाही नाही.

ती पास झाली. दोन वर्षांनी एडिनबराला गेली. छातीचं दुखणं झालेल्या माणसांना तिथं ती परत चालायला शिकवते. त्याच वर्षी मी सांगलीला परतलो. इथं डॉक्टरकडं पुतण्या सोबत येतो आणि माझ्या आधी आपणच उत्तरं द्यायला लागतो. मी त्याला बाहेर बसवतो. डॉक्टरला म्हणतो, दार लावा, आणि आता विचारा काय विचारायचं ते.