उपाशी ठेवायचा वेल

दापोलीहून रत्नागिरीपर्यंत एस.टी.त मी तो वेल बाळासारखा मांडीवर धरून आणला. ऑस्ट्रेलियाचा वेल, जांभळ्या फुलांचे घोस येणारा. नाव हार्डेनबर्जिया. नर्सरीवाल्यानं बजावलं होतं, "याला खत घालू नका. नापीक जमिनीतली जात आहे. मासळीचं पाणी तर अजिबात नको. लाड केलेत की मेलाच." मला ही जात आवडली. निवृत्त झाल्यापासून माझेही लाड कोणी करत नव्हतं, तरी मी टिकून होतो.

अंगणात कातळालगतच्या खडीत वेल लावला आणि घरात हुकूम काढला: नुसतं पाणी, तेही बेतानं. माझी ऐंशी ओलांडलेली आई ऐकून गारच झाली.

"इतक्या लांबून आलाय तो, नि तू त्याला उपाशी ठेवतोस मेल्या?"

आमच्याकडे मासे धुतलेलं पाणी वाया घालवणं म्हणजे पाप. माड, अळू, मिरची सगळ्यांचा त्यावर हक्क. आणि पाहुण्याला तर "आणखी थोडं घ्या" असं तीनदा म्हटल्याशिवाय पानावरून उठू देत नाहीत.

महिन्याभरात वेल पिवळा पडला. मी आधी गोगलगायींना दोष दिला, मग बायकोच्या साबणाच्या पाण्याला. दोन दिवस तिनं मला नुसत्या आमटीभातावर ठेवलं. शेवटी एका दुपारी झोपेचं सोंग घेऊन खिडकीशी बसलो. आई चोरपावलांनी आली. हातात बांगडे धुतलेल्या पाण्याचं पातेलं.

मी ओरडतच बाहेर गेलो. "आई, मारशील तू त्याला!"

तिनं पातेलं खाली ठेवलं. "मग कोणाला घालू रे? गॅसला हात लावू नको म्हणालास. माझ्या हातचं आता कोण खातं? हा एकटा नको म्हणत नाही."

खरं होतं. एकदा तिच्या हातून गॅस चालू राहिला, तेव्हा तिची स्वयंपाकघरातून सुट्टी मीच केली होती. वर, आईची किती काळजी घेतो, असं चार जणांत सांगितलंही होतं. मला तिथंच, त्या वेलापुढं, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या तुझ्या हातचं बांगड्याचं तिखलं पाहिजे," मी म्हटलं. "आणि तांदळाची भाकरी. गॅसपाशी मी उभा राहीन."

"उभा राहा, पण मध्ये बोलू नको," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज एक वेळचा स्वयंपाक तिचा. वेलाकडे बघायला तिला सवड नाही. त्यामुळे तो सावरला, कुंपणावर चढला आणि परवा जांभळा झाला. माझ्या पँटी मात्र कमरेला बसेनात. डॉक्टरांनी भात-भाकरी निम्मी करायला सांगितली आहे. आईला हे अजून सांगितलेलं नाही. ती ताटात तिसरी भाकरी टाकते, आणि मी नको म्हणत नाही.