रंगाऱ्याच्या दुकानाबाहेरचा बाक

बायकोचा हेवा वाटतो, हे कुणापाशी बोलायची सोय नसते. म्हणून लिहितो आहे.

छोट्या धंद्यांसाठी योजना आखणं हे माझं नोकरीतलं काम. चंदीगडला बदली झाल्यावर मला मनीमाजऱ्यातली एक गल्ली मिळाली. ओढण्या रंगवणारे रंगारी, पिको करणाऱ्या बायका आणि शिंपी, एवढ्यांचंच पोट तिच्यावर. गिऱ्हाईक मोठ्या बाजारांकडे वळत चाललं होतं. मी हिवाळाभर बसून उपाय काढला. बाईने घरूनच कापड पाठवायचं, पिशवीवर नंबर पडणार, पिशवी रंगाऱ्याकडून पिकोवालीकडे, तिथून शिंप्याकडे फिरणार आणि तयार सलवार-सूट घरपोच जाणार. जेवतानाही मी पिशव्यांबद्दलच बोलायचो.

पिशव्या परत येऊ लागल्या. ओढणी सूटशी जुळत नाही, ही सगळ्यांची तक्रार.

एका रविवारी बायको स्वतःची ओढणी रंगवायला माझ्याबरोबर आली. रंगाऱ्याने उकळत्या पातेल्यातून ओढणी काढली, कोपरा पिळून वाळवला आणि उन्हात नेऊन सूटवर धरला.

"देखो, भाभीजी."

"थोडा और गहरा."

ओढणी पुन्हा पातेल्यात. भोवती उभ्या असलेल्या अनोळखी बायकाही हक्काने मतं देत होत्या. "ना जी, गुलाबी ज़्यादा हो गया!"

घरी येताना ती म्हणाली, "अहो, बाई समोर नसेल तर रंग ठरवणार कोण? तुम्ही नेमकं तिलाच घरी बसवलंत. त्यापेक्षा तिथे एक बाक टाका. ती रंगाची वाट बघत बसेल, तोवर शिंपी माप घेईल, पिकोवाली येऊन विचारेल."

"इतकं सोपं असतं तर आम्हाला कशाला ठेवलं असतं?" मी म्हणालो.

पिशव्या परत येतच राहिल्या, तेव्हा शेवटी मी बाक टाकला. वर ताडपत्री बांधली, भिंतीला आरसा लावला. गल्ली पुन्हा गजबजली आणि त्या बाकाला सगळे 'भाभीजीवाला बेंच' म्हणू लागले. माझी मुलगी घरी खिदळली, "पापा, मम्मा तो आपसे बढ़िया अफसर निकली, यार!"

"मराठीत बोल," मी ओरडलो. राग भाषेचा नव्हता.

मग दिल्लीहून साहेब गल्ली बघायला येणार असं कळलं. त्यांना पटलं तर आणखी वस्त्यांचं काम माझ्याकडे येणार होतं. दिवस मी ठरवायचा होता. मी गुरुवार ठरवला, कारण गुरुवारी बायकोचा हार्मोनियमचा क्लास असतो. घरी काही बोललो नाही.

साहेब बाकावर टेकले. "बहुत अच्छा सोचा है आपने."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असावा.

पातेलं ढवळता ढवळता रंगाऱ्याने विचारलं, "आज भाभीजी को नहीं लाए?"

"कौन भाभीजी?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मेरी मिसेस. बेंच उन्हीं का आइडिया है." शेगडीच्या आवाजात बुडून जावं, इतक्या हळू बोललो.

साहेब पुढे वाकले. "क्या?"

पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. पिकोवाली मशीन थांबवून माझ्याकडे बघून हसली. साहेब म्हणाले, "तो अगली गली में उन्हें साथ लाइए."

घरी आलो तेव्हा ती भेंडी चिरत होती. मी निरोप सांगितला.

"मग आज का नाही नेलंत?"

"तुझा क्लास होता ना."

"बुडवला असता की." विळीवरची नजर तिने उचलली नाही. चिरलेली भेंडी ताटात सारत म्हणाली, "पुढच्या वेळी येऊ ना मग मी?"

"ये की," मी म्हणालो. ती नाही म्हणेल, अशी आशा मी तोवर धरून होतो.